मामांनी वाचवलेली गॅसची विहीर

माझ्या नावावर एक विहीर वाचवल्याचं कौतुक आहे.
ते खोटं आहे.

विहीर वाचवली दिनकरमामांनी. माझ्या आईच्या भावानं, शिरूरच्या बोअरवाल्यानं.

ते गेले. आज दहावा झाला. आता तरी मी खरं बोलायला हवं.

माझं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जमिनीत फार खोल कोळशाचे थर असतात आणि त्यात गॅस असतो. तो काढायला हजार मीटरच्याही खाली भोक पाडतात. ते भोक उभं राहील की ढासळेल, हे आधी कॉम्प्युटरवर सांगायचं, ही माझी नोकरी.

भोकात चिखलासारखं दाट पाणी भरून ठेवतात, आम्ही त्याला मड म्हणतो. मड हलका पडला तर भिंत आत येते. फार जड झाला तर कोळसा फाटतो. मधला आकडा मी द्यायचा.

मामा म्हणायचे, "म्हंजी तू भविष्य सांगती. फकस्त पोपट न्हाई तुझ्याकडं."

मामा सातवी पास. शिरूर-दौंड पट्ट्यात तीस वर्षं बोअर मारले. मशीनचा एकेक रॉड खाली गेला की वर आलेला चुरा वेगळ्या ढिगात, ओळीनं मांडायचे. कुणी ढीग तुडवला की खवळायचे, मग तो शेतमालक का असेना. चुरा बोटांत चोळून सांगायचे, "खाली गेरू लागतोय. हे ढासळणार. केसिंग आणा." केसिंग म्हणजे भोकाची भिंत धरून ठेवणारा पाइप.

भांडगावला आमच्या रानात मशीन आलं की मी त्या ढिगांशेजारी बसून राहायचे. इंजिनिअर झाले ती तिथं.
हे कुठल्याच इंटरव्ह्यूमध्ये सांगितलं नाही. तिथं 'पॅशन' म्हणावं लागतं.

तर, माझी पहिली स्वतंत्र विहीर. दुसऱ्या राज्यात. आकडा माझा, सही माझी.

कोळसा लागला आणि भोक ढासळायला लागलं. खालचा पाइप अडकायला लागला. तो कायमचा अडकला असता तर पाइपही गेला असता आणि विहीरही. सगळी साइट माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी ठसक्यात सांगितलं, "मड अजून जड करा. भिंतीला आधार मिळेल."

मड तयार व्हायला तासभर लागणार होता. मी केबिनच्या मागं गेले आणि मामांना फोन लावला.

"थांब गं, कंप्रेसर बंद करतो... हां, बोल."

"मामा, माझं भोक ढासळतंय."

"चुरा कसा येतोय?"

मी व्हॉट्सॲपवर फोटो टाकला.

"पोरी, ह्यो चुरा न्हाई. ह्या खापऱ्या हायेत. मशीनच्या बिटानं कापलेल्या न्हाईत, भित्ताडातनं सुटल्यात. कडा बघ कशा सपाट, चकचकीत. आदीच फट व्हती, तिथनंच सुटलं."

"म्हणून तर मड जड करतोय."

"आन् त्यो फटीत शिरल्यावर? भेगाळल्या भित्ताडाला आतनं जोर दिला तर ते उभं राहतंय का सुटतंय?"

मी फोटो मोठा करून खापऱ्यांच्या कडा बघितल्या.

"कोळसा मजबूत हाय, असं सांगितलं कुणी तुला?"

"लॅबनं. खालून काढलेल्या तुकड्यांवर टेस्ट केली."

"कंच्या तुकड्यांवर? शाबूत आले त्यांच्यावर ना? आन् वाटंत मोडले ते?"

"त्यांची टेस्ट होत नाही, मामा."

"मंग तू गोणीच्या तोंडाचा कांदा बघून सगळ्या गोणीचा भाव केलास."

शिरूरच्या मार्केट यार्डात असा कांदा घेणाऱ्याला लोक हसतात. मी अख्खं मॉडेल तसंच केलं होतं. मोडलेला कोळसा माझ्या हिशेबात नव्हताच.

"आता काय करू?"

"आदी फटी बुजव. मंग जोर लाव. आन् घाई करू नगं, पाइप सारखा वरखाली करू नगं."

मी धावत जाऊन जड मड थांबवला. फटी बुजवणारी बारीक भुकटी घातली, पाइपचा वेग कमी केला, भेगा धरून आकडा नव्यानं काढला. तो आधीपेक्षा थोडा खालीच आला.

भोक उभं राहिलं. पाइप सुटला. केसिंग खाली गेलं.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुला हे सुचलं कसं?"

मी म्हटलं, "चुरा बघून अंदाज आला, सर."

टाळ्या पडल्या. मी घेतल्या.

शिरूरचा बोअरवाला म्हटलं असतं तर हसले असते, असं मी मनाला समजावलं. हसले असते तर हसले असते! पण तेव्हा लाज वाटली. मामांची नाही, माझं मॉडेल त्यांनी पाच मिनिटांत पाडलं याची. निदान त्यांना तरी सांगायचं होतं की मामा, मी तुमचं नाव घेतलं नाही, मला माफ करा. दर दिवाळीला ठरवलं. दर दिवाळीला चकल्या खाऊन परत आले.

आज घोडनदीवर दहावा उरकल्यावर आप्पा जवळ आले. पंचवीस वर्षं मामांच्या मशीनवर काम केलेले आप्पा. म्हणाले, "ताई, तुमची ती विहीर आमाला पाठ हाय. मामा प्रत्येक साइटवर सांगायचे."

मी म्हटलं, "काय सांगायचे?"

"म्हनायचे, भाचीचा फोन आला, तिनं चुऱ्याचा फोटो दावला. आन् मी काय बोलायच्या आतच पोरीनं सोताच वळखलं. मला म्हनली, मामा तुमी ऱ्हाऊ द्या, कळलं मला."

मामा, असं झालं नव्हतं.
तुम्हाला माहीत होतं, असं झालं नव्हतं.

साहेबांना मेल केलाय. जे घडलं ते, तुमच्या नावासकट.

सुखानं जा, मामा. तुमची भाची तुम्हाला साष्टांग नमस्कार करते.