क्लासच्या फ्लेक्सवरचा माझा फोटो

बुलडाण्यातल्या एका क्लासवाल्या सरांनी माझ्या आईला फसवलं. मला फसवलं असतं तर मी तिथल्या तिथं वसूल केलं असतं. पण त्यांनी आईला गाठलं, तेही मी परदेशात असताना.

मी नर्स आहे. आई मोताळ्याच्या आठवडी बाजारात भाजी विकते आणि तिच्या शेजारी बसूनच मी मोठी झाले. जुडीच्या भावावरून भांडायला मी शाळेच्या आधी शिकले. पुढे नर्सिंगचा कोर्स केला, बुलडाण्याच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरी धरली आणि आखातात जायचं ठरवलं. तिकडे काम करायचं तर तिथलं लायसन्स लागतं, आणि त्याची परीक्षा असते. कॉम्प्युटरवर, इंग्रजीत, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. माझं शिक्षण मराठीतून झालेलं. म्हणून क्लास लावला.

क्लासच्या पाटीवर ‘कॉम्प्युटरवर प्रत्यक्ष सराव’ असं मोठ्या अक्षरात होतं. कॉम्प्युटर होताही. कोपऱ्यात, जरीकाठाच्या कापडाखाली. दसऱ्याला त्याची पूजा झाली होती. पडद्यावर हळदीकुंकवाची बोटं आणि खाली वाळका झेंडू तसाच होता. आम्ही बाकांवर बसून सर सांगतील ती उत्तरं पाठ करायचो.

“सर, हेच उत्तर काऊन?” कारण कळावं म्हणून मी विचारायची.

“काऊन-बिऊन नाही. तिसरा पर्याय. पाठ कर, हाच प्रश्न येतो.”

एक दिवस माझं डोकं फिरलं. मी उठले, कापड ओढलं आणि बटण दाबलं. काही झालं नाही. वाकून मागं पाहिलं.

“सर, याले त वायरच नाही!”

वर्ग हसला. सर उठून उभे राहिले. “तुले परीक्षा द्यायची आहे का कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आहे?”

“पाटीवर लिहिलं ते पाह्यजे मले. आमच्या बाजारात वांगं दाखवून भोपळा नाही देत कोणी.”

“मग बाजारातच बस! इंग्रजीचं एक वाक्य सरळ वाचता येत नाही, अन् चालली दुबईले. उद्यापासून येऊ नको.”

मी गेले नाही. रडलेही नाही. घरी आईला यातलं काही सांगितलं नाही, दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग फोनवर प्रश्न शोधून मीच अभ्यासाला लागले. दवाखान्यातली सुटी बाजाराच्या दिवशी घ्यायची आणि आईच्या पालाखाली बसून वाचायचं. आईला माझं पुटपुटणं सहन होईना.

“काय बडबडून राह्यली वं?”

“अभ्यास करून राह्यली, माय.”

“मंग मले बी सांग. नुसतीच ओठं हालवते.”

तेव्हापासून मी प्रत्येक प्रश्न आमच्या बोलीत करून तिला सांगू लागले. वॉर्डात चार पेशंट आहेत. एक ऑपरेशन झालेला, दुखतंय म्हणून ओरडतो. एकाची साखरेच्या इंजेक्शनची वेळ झाली. एकाला घरी जायची घाई. आणि एक दम्याचा, आत्तापर्यंत त्याची छाती शिट्टीसारखी वाजत होती, आता एकदम गप झाला. आधी कोणाकडं जायचं?

“ओरडणाऱ्याकडं,” आई मेथी निवडत म्हणाली. “इतका बोंबलून राह्यला बिचारा.”

“चूक.”

“काऊन?”

ज्या शब्दावर सर वर्गात खेकसायचे, तोच आईच्या तोंडून आला. आणि उत्तर देताना माझीच गाडी अडली. उत्तर मला पाठ होतं, कारण सांगता येत नव्हतं. मी बराच विचार केला. मग म्हटलं, “माय, जे गिऱ्हाईक भावासाठी कचकच करते, ते जाते काय?”

“नाही जात. त्याले घ्याचंच असते.”

“अन् बोलता बोलता गप होते ते?”

“ते चाललं दुसऱ्याकडं.”

“मंग दम्यावाला गप झाला म्हणजे त्याच्या छातीत हवाच जाऊन नाही राह्यली. तो चालला.”

आईचा हात मेथीवर थांबला. “मंग तू अठी काय बसली? जाय न त्याच्याकडं!”

शेजारचा मिरचीवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. पण तो प्रश्न मी आयुष्यात विसरणार नाही. पुढचे कित्येक बाजार असेच गेले. आईची उत्तरं बहुतेक चुकायची. तिच्या मते अर्ध्या पेशंटांना आधी चहा द्यायला हवा होता. तरी तिच्या एकेका ‘काऊन’साठी मला पुस्तक पुन्हा उघडावं लागायचं.

परीक्षेचं केंद्र पुण्यात होतं. तिथल्या मुलीनं माझ्या बांगड्या उतरवून घेतल्या, खिसे तपासले आणि एसीच्या थेट खाली बसवलं. मी जागा बदलून मागितली.

“जागा बदलता येत नाही, मॅडम.”

“काऊन नाही येत? ती कोपऱ्यातली रिकामीच हाये न.”

माझ्या बोलण्यावर ती हसली, पण जागा दिली. हसण्याचे पैसे पडत नाहीत. परीक्षा जड गेली. जिथं दोन पर्याय सारखेच बरोबर वाटले, तिथं मी मनात आईला कारण सांगून पाहिलं. ज्याचं कारण सांगता आलं, ते निवडलं. निकाल तिथंच पडद्यावर आला. पास.

बाहेर येऊन आईला फोन केला.

“थांब, गिऱ्हाईक हाये,” ती म्हणाली. मग मागून कोणाला तरी वांगी तोलून दिल्याचा आवाज. “हाव, बोल. झाली पास? मंग आता जेव काहीतरी.”

आज मी आखातातल्या एका मोठ्या दवाखान्यात आहे. काम आवडतं, खोलीत माझा माझा स्टोव्ह आहे, ज्वारीचं पीठही मिळतं. सुख म्हणतात ते यापेक्षा फार वेगळं नसावं.

पहिल्या सुटीत आले, एसटीतून मोताळ्याला उतरले आणि समोरच्या फ्लेक्सवर मीच! प्रवेशाच्या वेळी दिलेला पासपोर्ट फोटो. ‘आमच्या क्लासची यशस्वी विद्यार्थिनी, हार्दिक अभिनंदन’. वर सर स्वतः, माझ्या चौपट मोठे. मी तिथूनच त्यांना फोन लावला.

“अहो मॅडम,” आता मी मॅडम झाले होते, “पाया तर आमच्याकडंच घातला ना?”

“पाया? तुम्ही मले पायरीवरून ढकललं, सर!” मी इतकी ओरडले की स्टँडवरचे लोक फिरून बघायला लागले. त्यांनी फोन ठेवला.

घरी आले तर आई खुशीत. “फोटो पाह्यला? सरांनी मले बी बोलावलं होतं सत्काराले. खुर्चीवर बसवलं, माइक देला.”

“काय बोलली तू?”

“काय बोलणार? मले काय समजते त्यातलं! म्हटलं, माह्या पोरीले सरांनीच घडवलं. पाया पडली त्यांच्या. थैलीभर भाजी नेली होती, चांगली निवडून.”

“माय, शिकवलं त तू मले.”

“चाल, काहीबाही बोलू नको. मी त भाजी निवडत होती.”

त्या दिवशीच्या खुर्चीचा तिला इतका आनंद आहे की तिच्याशी मी वाद घातला नाही. पण सर, तुम्हाला सोडणार नाही. माझी आई वाकली तेव्हा तुम्ही पाय मागं का घेतले नाहीत? तिच्या हातून ती थैली कशी घेतलीत? फ्लेक्स उतरवून भागणार नाही. येत्या बाजारी मोताळ्याला या, आईच्या पालासमोर उभे राहा, आणि सगळ्या बाजारादेखत तिला सांगा की तिच्या पोरीला कोणी शिकवलं.