काळुंदराचा श्रावण

मी आयुष्यात एकच प्राणी पाळला आणि त्याला शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे जेवू घातलं.

तो होता काळुंदर. आचऱ्याच्या खाडीतला चपटा मासा, अंगावर पांढरे ठिपके. आमच्याकडे तो तळून खातात. पाळायची कल्पना माझी. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी गावच्या शाळेत नवा शिक्षक, नोकरी अजून कच्ची, अक्कल मात्र कायम झालेली (असं माझं मत!). मुंबईहून आणलेल्या एका पुस्तकात वाचलं, की या जातीच्या माशांना रोज वेगवेगळा आहार द्यावा. झालं! वाण्याकडून बिस्किटांची जुनी काचेची पेटी आणली, फटींना डांबर फासलं आणि पडवीत तक्ता टांगला : सोमवारी अळू, मंगळवारी गांडूळ, बुधवारी भात, गुरुवारी सुकट...

मासा आणून देणाऱ्या पांडूला मी तक्ता वाचून दाखवला. तो पेटीकडे बघत म्हणाला, "गुरुजी, ह्यो खाडीत शेवाळ खाता. शेवाळ घाला, गप रवतलो."

"पांडू, हे शास्त्र आहे!" मी म्हणालो. पांडू टोपली उचलून निघाला. काळुंदर गप्प होता खरा, पण खात काही नव्हता.

आणि श्रावण लागला. आयेने त्या वर्षी ग्रामदैवत रामेश्वराला नवस केला, की झिलाची (म्हणजे माझी) नोकरी कायम होऊ दे, सगळं घर महिनाभर मासळीला शिवणार नाही. पावसाच्या बेगमीची सुकट तिने मडक्यात घालून तोंड फडक्याने बांधलं. चार दिवस मी काढले. पाचव्या दिवशी वालीची भाजी बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि एकदम काळुंदराची काळजी वाटू लागली.

"आये, आज गुरुवार. माशाक सुकट व्हयी."

"श्रावणात? माझ्या घरात?"

"तेका रोज येगळा खाणा लागता. पुस्तकात लिवलेला आसा!"

आये विरघळली. "मुको जीव तो, तेका पाप लागणा नाय. पण माझ्या चुलीर नको ता."

मला तरी कुठे तिच्या चुलीवर हवं होतं? मागीलदारी तीन दगड मांडले आणि मूठभर सुकट भाजली. बायकोने खिडकीतून डोकं काढलं.

"अहो, माशाक भाजून कित्या?"

"पचायला हलकी!"

दुसऱ्या दिवशी (तक्त्यात मी आता रोजच सुकट लिहिली होती!) तिने विचारलं, "आणि कांदो?"

"जीवनसत्त्वं!"

तिसऱ्या दिवशी ओलं खोबरं, मिरची आणि चार आमसुलं मागितली, तेव्हा तिने काही विचारलं नाही. नुसती बघत राहिली. ते जास्त वाईट होतं.

वाटी घेऊन मी पेटीपाशी पाठमोरा बसायचो. मासा मला बघायचा, मी वाटी संपवायचो. मजा म्हणजे, माझ्याकडून काहीही न मिळाल्याने काळुंदर सुधारला! काचेवर शेवाळ धरलं होतं, ते तो दिवसभर चरायचा. ठिपके चांदीसारखे चमकू लागले. लोक बघायला यायचे आणि मी (निर्लज्जपणे!) विविध आहारावर व्याख्यान द्यायचो. पंधरा दिवसांत गावातल्या आणखी चार घरांतल्या पुरुषांनी काळुंदर पाळले. खुद्द हेडमास्तर शाळा सुटल्यावर बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, ती पद्धत जरा लिहून द्या. विशेषतः भाजण्याची."

एका गुरुवारी मला शाळेत उशीर झाला. मुका जीव उपाशी राहील म्हणून आयेने मी सकाळीच मागीलदारी झाकून ठेवलेली वाटी स्वतः नेऊन पेटीत ओतली.

मी आलो तेव्हा पाणी तांबडं झालं होतं, कांदा तरंगत होता आणि काळुंदर घागरीत हलवलेला होता. आये पडवीत बसली होती.

"झिला, मासो घास घेणा नाय. लांब पळालो. मगे मी वास घेतलंय." ती थांबली. "मीठ-मिरची अगदी तुका आवडता तशी. माशाची नि तुझी आवड एकच काय रे?"

मी तक्त्याकडे बघितलं.

"मेल्या, नवस मोडलो. आता तुझी नोकरी जातली," म्हणून तिने पदर डोळ्यांना लावला. तेव्हा मात्र माझी शरमेने मान खाली गेली. माझ्या नोकरीसाठी ती भाजीभात गिळत होती आणि मी माशाच्या नावाने सुकट-खोबऱ्याचं किसमूर चापत होतो.

उरलेला श्रावण मी कडक पाळला आणि घागरीतल्या काळुंदराला खाडीतलं शेवाळ घातलं. पण रोज पोस्टमन दिसला की मी माडाआड व्हायचो. अखेर लखोटा आला. फोडला. नोकरी कायम!

"आये, नवस पावलो!" मी ओरडलो. "पण मोडलो होतो ना गो?"

आयेने रामेश्वरासाठी नारळ काढला, मग घागर उचलून माझ्या हातात दिली.

"घरातल्या एका पुरुषान तरी अख्खो श्रावण पाळलो. देवान ताच बघल्यान. चल, तेका खाडीत सोड. आणि आदी पाया पड."

भर दुपारी, पांडूच्या देखत, मी घागरीला नमस्कार केला. बाकीच्या चार काळुंदरांचं काय झालं, ते श्रावण संपल्यावर त्यांच्या शेजाऱ्यांना तळणीच्या वासावरून कळलं.

पुढे तीस वर्षं मी मुलांना शिकवलं, गावाने मला गुरुजी म्हटलं. ज्याच्या पुण्याईवर ती नोकरी केली, तो खाडीत शेवाळ खात होता.