फिर्यादीवर निघालेलं वॉरंट

माझ्या हातून जे घडलं, ते न्यायाधीशांपासून हातभर अंतरावर घडलं आणि तरी त्यांना दिसलं नाही. बेंच क्लार्कची खुर्ची असतेच तशी. साहेब वर, आपण त्यांच्या पायाशी. त्यांना वरून आपलं फक्त टक्कल दिसतं.

ऐंशीनंतरची ती वर्षं. कोर्ट उपनगरातलं, फौजदारी. कुठलं ते सांगत नाही. मी मुलुंडहून दोन बस बदलून जात असे, एवढं पुरे. आमचे साहेब सज्जन होते आणि गांजलेले होते. सकाळी आदल्या रात्री पकडलेले लोक पुढे यायचे, त्यांचा निपटारा होईतो बारा वाजायचे. मग बोर्डावरच्या ऐंशी-नव्वद केसेस. साक्षीदाराचा प्रत्येक शब्द साहेब स्वतःच्या हाताने लिहून घ्यायचे, कारण टाइपरायटर दुरुस्तीला गेलेला असायचा. साक्षीदार आला तर पंच नाही. पंच आला तर फौजदार बंदोबस्ताला. फौजदार आला तर सरकारी वकील शेजारच्या कोर्टात. आणि महिना संपला की वरून विचारणा, किती केसेस निकाली काढल्या?

इथे माझी हुशारी कामाला यायची. रस्त्यावर गाडी लावणारे फेरीवाले, तीनपत्ती खेळणारे, हे लोक गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळे होतात. अशा दहा केसेस तासाभरात उरकतात. मी महिनाअखेरीला अशा केसेस भरायचो आणि साक्षीपुराव्याच्या केसेसना पुढची तारीख द्यायचो. साहेब विचारायचे, "कधी ठेवू या?" मी डायरी बघून सांगायचो. साहेबांचा आकडा फुगायचा, मला पुण्य केल्यासारखं वाटायचं.

ज्यांना मी पुढे ढकलायचो, त्यांत एक कोळीण होती. खाडीकडच्या कोळीवाड्यातली, मासळीबाजारात बसणारी, पन्नाशीची. बाजारातच तिच्या गळ्यातली सोन्याची गळसरी एकाने हिसकावली. तो पन्नास पावलांवर पकडला गेला, गळसरी त्याच्या मुठीतच सापडली. पोलिसांनी ती मुद्देमाल म्हणून पुडक्यात बांधून लाखेने सील केली आणि पोलीस ठाण्याच्या कपाटात ठेवली. गळसरी तिच्या आईची. दिवाळीनंतर मुलीचं लग्न ठरलं होतं आणि ती मुलीच्या गळ्यात घालायची होती. दर तारखेला ती टेबलाशी येऊन एकच विचारायची, "दादा, माजी गळसरी कवा देनार?"

"केस संपली की, मावशी."

"आन केस कवा संपनार?"

त्यावर माझ्याकडे एकच उत्तर असायचं. चिठ्ठीवर लिहिलेली पुढची तारीख.

आरोपी चाळिशीचा, जामिनावर सुटलेला, आणि आमच्या कोर्टातला सर्वांत वक्तशीर माणूस. तो लवकर येऊन बाकावर बसायचा. ती आली की म्हणायची, "ऊठ रं चोरा, मला बसू दे." तो मुकाट्याने उठायचा. तारखा वाढत गेल्या, तसा तो तिच्यासाठी जागा धरून ठेवू लागला.

अशीच एक ऑगस्टमधली तारीख मी दिली. सुट्ट्यांच्या यादीत बघितलं, कामाचा दिवस होता. मी साताऱ्याकडचा. समुद्र बघितला तो नोकरीला लागल्यावर. त्या दिवशी नारळी पौर्णिमा आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तिच्याही आलं नाही, कारण तिचा महिना तिथींवर चालायचा आणि माझ्या चिठ्ठीवर नुसता आकडा होता. घरी कुणीतरी वाचून सांगितल्यावर दोन दिवस आधी ती पाटी बाहेर ठेवून आत आली.

"दादा, त्या दिवशी दर्याला नारल हाय आमचा. सायबाला सांगशील ना?"

"सांगतो, मावशी." मी एका कपट्यावर लिहून तो टेबलाच्या काचेखाली सरकवला.

त्या पौर्णिमेला नवलच झालं. एरवी वर्षभरात एकत्र न दिसलेली मंडळी साडेअकरालाच हजर. फौजदार आला, घर बदललेला पंच नवा पत्ता शोधून आणलेला, सरकारी वकील जागेवर, टाइपरायटरसुद्धा दुरुस्त होऊन आलेला. साहेबांनी तर हात चोळले. पट्टेवाल्याने तीनदा पुकारा केला. फिर्यादी गैरहजर.

साहेब चिडले. त्यांचंही खरं होतं. कसाबसा एक दिवस जुळून आला होता, तो फुकट जात होता. त्यांनी खाली वाकून विचारलं, "बाईंनी काही कळवलंय?"

कपटा काचेखाली होता, माझ्या कोपरापासून वीतभर लांब. पण कळवलंय म्हणालो की पुढचा प्रश्न ठरलेला, ही तारीख दिली कोणी? आणि आधी का नाही सांगितलं? समोर फौजदार, वकील, सगळे बसलेले. मी म्हणालो, "नाही, साहेब."

त्यांनी साक्षीदाराचं वॉरंट काढलं. ते मीच लिहिलं, चांगल्या अक्षरात. लिहिताना वाटलं होतं, निदान अक्षर तरी चांगलं काढू.

पुढच्या आठवड्यात हवालदार तिला घेऊन आला. हवालदार मागे, ती पुढे, आणि कोण कुणाला धरून आणतंय हे ओळखणं अवघड होतं. आरोपी नेहमीप्रमाणे उठून उभा राहिला.

"बग सायबा!" तिने त्याच्याकडे बोट केलं. "गळसरी ह्यानं नेली, आन पकडून मला आनलं! हा बसलाय मजेत चना खात!"

आरोपीने पुडी खिशात घातली.

"बाई, गेल्या तारखेला का नाही आलात?" साहेबांनी विचारलं.

"नारली पुनवंला? त्या दिवशी देवानं बोलवलं तरी कोळीन दर्या सोडून यंल का? आन सांगितलं होतं मी. ह्या दादाला."

मला उठावं लागलं. मी काचेखालचा कपटा काढून वर दिला. "सांगितलं होतं, साहेब. मी बोललो नाही. तारीखही माझीच."

साहेबांनी कपटा वाचला. मला वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी वॉरंट रद्द केलं आणि तिला विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

"माजी गळसरी. लग्न हाय मुलीचं. मंग तुजी केस चालव तू शंभर वर्सं."

"मग परत मिळावी म्हणून अर्ज का नाही केलात? जातमुचलका लिहून दिला की केस चालू असतानाही मिळते."

"अर्ज?" ती माझ्याकडे वळली. "मला कोन बोललं?"

हा घाव खरा लागला. ज्यांचे वकील होते, त्यांचे असे अर्ज माझ्या हातातून रोज जायचे. एका पानाचं काम. वर्षभर ती विचारत होती आणि मी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होतो. कोणी मला गप्प बसायला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे आपणहून कुणाला काही सांगायची पद्धत नव्हती, आणि पद्धतीमागे लपणं फार सोपं असतं.

जेवणाच्या सुट्टीत तो अर्ज मी स्वतः लिहिला. सरकारी वकिलांनी 'हरकत नाही' म्हणून सही केली. साहेबांनी तिला अटी वाचून दाखवल्या, तिने अंगठा दिला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

नंतर गळसरी आणायला मी रजा टाकून तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. कपाटाची किल्ली असलेला जमादार गणपतीच्या बंदोबस्ताला गेला होता. अंमलदार म्हणाला, "उद्या या." दुसऱ्या दिवशी रजिस्टर तपासणीला वरच्या साहेबांकडे गेलं होतं. "सोमवारी या."

"घे," ती पायरीवर बसून पोट धरून हसली. "दादा, तुला पन तारीख मिळाली!"

चौथ्या खेपेला पुडकं हाती आलं. तिने लाख नखाने फोडली, गळसरी पदराने पुसली आणि एकदम थबकली.

"सायब वाचत व्हता, दुसऱ्याच्या हाती देनार न्हाय, असं लिवलंय. मंग मुलीला कशी घालू?"

अट होती तशी. 'साहेबांना विचारून सांगतो, पुढच्या तारखेला या,' हे वाक्य माझ्या जिभेवर आलंच होतं. पंधरा वर्षांची सवय. ते मी गिळलं.

"घाला," मी म्हणालो. "लग्नात घाला. कोर्टाने बोलावलं की मुलीला घेऊन या, गळसरीसकट."

"आन ती बालंतपनाला आली असंल तर?"

"तर बाळालाही आणा."

"तवर तो वकील व्हईल रं," ती म्हणाली आणि बाजाराच्या दिशेने चालू लागली.

मी पायरीवर उभा राहून मनातल्या मनात बोर्ड, पंच आणि फौजदार मोजले. तिचं म्हणणं अगदीच अशक्य नव्हतं.