दिसलेला रफू

माझी थोरली बहीण रफू करते. कापड जळलं-फाटलं की त्याचेच धागे काढून भोक असं विणून टाकते, की ते कुठे होतं हे मालकालाही सापडू नये. सापडलं तर काम फुकट. दुकान तिच्या दिराचं. ताई आतल्या खोलीत खिडकीपाशी मान मोडून बसते आणि दीर बाहेर काउंटरवर "आपला हात आहे, साहेब" म्हणत कौतुक गोळा करतो. नवरा गेल्यावर आपण हिला आधार दिला, हे तो येता-जाता ऐकवतो. आणि ताई म्हणते, "खरंय गं, मला काय येतं? सुई धरता येते, एवढंच." माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

शेवटी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी सुचवलेलं एक ॲप मी तिच्या फोनवर घातलं. मनाला टोचणारा विचार लिहायचा, त्याला पुरावा मागायचा, मग काहीतरी वेगळं करून बघायचं. आपल्याला काही येतं हे ताईला एकदा पटावं, एवढंच मला हवं होतं.

ताई शाळकरी पोरीसारखी नेमानं भरायची. विचार: मी बिनकामाची. बाजूने पुरावा: माझं काम कोणालाच दिसत नाही. विरुद्ध पुरावा: कोरं. ॲप म्हणालं, 'हे काम मी केलं, असं एकदा सांगून बघा. काय होईल असं वाटतं?' तिनं लिहिलं, 'हसतील.'

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिचा डबा घेऊन गेले, तेव्हा एक गिऱ्हाईक इस्त्रीनं जळालेला कोट न्यायला आलं होतं. कोट उलटासुलटा करून थक्क झालं. दिराची छाती फुगली. तेवढ्यात ताई बाहेर आली.

"हे मी केलंय," ती म्हणाली.

"हो का? कुठे होतं हो भोक?"

ताईनं कोट उजेडाला धरला. बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. तिलाच जागा सापडेना. आतून बघावं, तर अस्तर शिवून बंद केलेलं.

"दाखवा ना वहिनी! तुम्हीच केलंय ना?" दीर खदखदून हसला. गिऱ्हाईकही हसलं.

ताईनं ॲपला सगळं खरंखरं सांगितलं. त्यानं उत्तर दिलं, 'प्रयत्न केलात, शाब्बास!' डोंबलाचं शाब्बास! विचारच चुकीचे असतात हे त्याला बरोब्बर शिकवलंय; घरची माणसं चुकीची असू शकतात, हे कोणी शिकवलंच नाही.

मग ताईनं स्वतःच्या डोक्यानं उपाय काढला. एका काळ्या शालीच्या रफूत तिनं मुद्दाम एक धागा निळा विणला. "निदान मला तरी सापडेल," म्हणाली. मला तेव्हा बरंच वाटलं.

पुढच्या वेळी डबा घेऊन पोचले, तर शालवाली बाई काउंटरवर तडतडत होती. "हे काय केलंय? लांबून दिसतंय!"

"माफ करा मॅडम," दीर अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या वहिनींचं काम आहे हे."

इतक्या वर्षांत तिचं काम तिच्या नावावर लागलं, ते हे पहिलंच.

ती शाल घेऊन मी आत गेले. ताईच्या हातात फोन होता. ॲप विचारत होतं, 'आज तुमच्या कामाची कोणी दखल घेतली का?' तिनं 'हो'वर बोट ठेवलं, फोन बाजूला सारला आणि निळा धागा उसवायला घेतला.