डंपरच्या डाव्या अंगाला

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळ्या पॅडलमावशी म्हणत. पहाटेच्या पाळीला बस मिळत नाही आणि चालत यावं तर निम्मा जीव वाटेतच जातो, म्हणून ती लग्नाआधीपासून सायकलवरच कामाला येई. दुपारी पाळी सुटली की चादरी वाळत घालायच्या अंगणात ती बाकीच्या बायकांना सायकल शिकवायची. मागून सीट धरून पळता पळता मध्येच हात सोडून द्यायची आणि वर म्हणायची, "पडलीस तर चादरीवर पड. डाग मात्र तुझा तू काढायचा."

तिची सगळ्यात चिवट शिष्या म्हणजे तिची थोरली नणंद. वय पन्नाशीपुढचं. नवरा गेल्यावर भावाच्या घरी राहायला आलेली, आणि धुलाईघरातच इस्त्रीच्या यंत्रावर उभं राहून राहून गुडघे धरलेली. तिनं सायकलचं नाव काढलं तेव्हा तिचा भाऊ, म्हणजे पॅडलमावशीचा शिंपी नवरा, घरी शिवणयंत्रावर बसला होता. दातांनी दोरा तोडत तो म्हणाला, "ताई, कापड फाटलं तर रफू करून देईन. हाडं मोडली तर माझ्याकडे येऊ नकोस."

ताई पडली, रडली, सायकलला लाथही मारली, पण शिकली. पॅडलमावशीचा सगळ्यांना एकच मंत्र होता. कड सोडायची नाही. गाड्या जातात मधून, आपण जायचं कडेनं. कोणाच्या अध्यात ना मध्यात.

ज्या दिवशी ताई पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर उतरली, त्या दिवशी ती पुढे होती आणि पॅडलमावशी थोडी मागे. चौकात सिग्नल लाल. डावीकडच्या कोपऱ्यावर लोखंडी कठडा आणि कठड्याला लागून खडीनं भरलेला एक डंपर उभा. डंपर आणि कठडा यांच्यामध्ये एक सायकल जाईल एवढी फट होती. ताईनं कड सोडली नाही. शिकवल्याप्रमाणे त्या फटीतून सरळ पुढे गेली आणि डंपरच्या पुढच्या चाकाशी एक पाय टेकून थांबली.

पॅडलमावशीला बरं वाटलं. वन्सं छान जमवताहेत, असं मनात येतंय तोवर डंपरचा मागचा पिवळा दिवा उघडमीट करू लागला. डावा दिवा.

"वन्सं! मागे या! वन्सं!"

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या सगळ्या गाड्या एकदम हॉर्न वाजवायला लागल्या आणि तिची हाक त्यात बुडाली. डंपर आधी थोडा सरळ गेला. ताईही पॅडल मारून निघाली. मग डंपरचं तोंड हळूच डावीकडे वळलं आणि फट मिटायला लागली.

पॅडलमावशीनं सायकल रस्त्यात टाकली आणि धावली. हातात डब्याची पिशवी होती. त्या पिशवीनंच ती डंपरच्या पत्र्यावर दणादण मारू लागली. आत खडी, खाली इंजिन, कोण ऐकतो? ताईला आता कळलं होतं. पुढे जायला वाट नाही, मागे मोठी चाकं येताहेत, एका बाजूला कठडा. तिनं सायकल सोडून दोन्ही हातांनी कठडा धरला आणि अंग वर ओढलं. सायकल चाकाखाली गेली. कडकड आवाज झाला आणि डंपर गचका खाऊन थांबला.

ताई कठड्याला लटकलेली होती. एक पाय वर, दुसरा सायकलच्या मोडक्या सांगाड्यात अडकलेला. चाक त्या पायापासून वीतभर लांब.

चालक खाली उतरला. तिशीचा असेल. तोंडाचा रंग उडालेला. "मला दिसल्याच नाहीत हो. आईशप्पथ सांगतो, आरशात कोणीच नव्हतं."

"कोणीच नव्हतं? एवढी धडधाकट बाई दिसली नाही तुला?" पॅडलमावशीनं त्याची कॉलर धरली. भोवती माणसं जमली, एकदोघांनी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात वरून ताईचा आवाज आला, "अरे, आधी माझा पाय काढा! मग काय मारायचं ते मारा त्याला."

हाणामारी तिथंच थांबली. पाय काढला. घोटा मोडला होता.

शस्त्रक्रिया झाली, हाडाला लोखंडी पट्ट्या बसवल्या. शिंपी बहिणीच्या खाटेशी बसून राहिला.  घरी आल्यावर त्यानं बायकोची सायकल उचलली, माळ्यावर टाकली आणि शिडी काढून घेतली. "आज चाक वीतभर पुढे आलं असतं, तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं," तो म्हणाला.  

वाळवणाच्या अंगणात आता नुसत्या चादरीच उरल्या. बायका विषयही काढीनात. पॅडलमावशी पायी कामाला येऊ लागली. मागून मोठी गाडी आली की ती जवळच्या दुकानाच्या पायरीवर चढून उभी राही. पण तिला सगळ्यात जास्त छळत होतं ते चालकाचं वाक्य. आरशात कोणीच नव्हतं. खोटारडा मेला. तोंडावर विचारल्याशिवाय तिला चैन पडेना.

डंपर उभे राहायचे ते आवार चौकाच्या पलीकडंच होतं. एका सुट्टीच्या सकाळी ती तिथं गेली. सोबतीला धुलाईघरातली ढोली. ही भट्टीवरची बाई, दारातून आत आली की उजेड कमी व्हायचा, म्हणून ते नाव.

चालक गाडी पुसत होता. तिला पाहून तो दोन पावलं मागे सरला.

"मारायला नाही आले," पॅडलमावशी म्हणाली. "खरं सांग. फोनवर होतास ना?"

"नाही."

"झोप लागली होती?"

"नाही हो बाई. रोज रात्री डोळे मिटले की तो आवाज येतो मला. तुम्हाला पटत नसेल तर वर बसा. तुम्हीच बघा."

तिला ते आव्हान वाटलं. पायरीला लटकत, हँडलला धरत ती चालकाच्या सीटवर चढली. वरून जग निराळंच दिसत होतं. लांबचं सगळं स्वच्छ, अगदी पलीकडच्या छपरावरची मांजरसुद्धा. तिनं डाव्या आरशात पाहिलं. कठड्याच्या जागी आवाराची भिंत आणि रिकामी जमीन.

"ढोले, ये गं. डाव्या अंगाला उभी राहा. पुढच्या चाकापाशी."

आरसा रिकामाच.

"आलीस का?"

"कधीची उभी आहे!" खालून आवाज आला.

तिनं मान उंचावली, वाकली, अर्धी उठली. दरवाज्याची कड, काच, रिकामी जमीन. तिथं ढोली होती. हात हलवत होती, हाकासुद्धा मारत होती. आणि ती कुठंच नव्हती.

 चालक खोटं बोलला नव्हता. कड सोडायची नाही, हे तिनंच शिकवलं होतं. ताईला त्या जागी तिनंच नेऊन उभं केलं होतं.

उतरताना तिचा पाय पायरीवरून सटकला. चालकानं दंड धरून सावरलं. खाली आल्यावर तिनं आधी ढोलीला चाकापासून ओढून बाजूला केलं. मग चालकाला म्हणाली, "पुढच्या सुट्टीला मी सगळ्यांना आणते. एकेकीला वर बसवायचं. आणि नंतर तू सायकलवर बसायचं. दुसऱ्या कोणाला तरी हा रेडा तुझ्या शेजारून न्यायला सांगायचा."

"मी?" तो कसंनुसं हसला. "मला भीती वाटते."

"वाटू दे की."

घरी तिनं सगळं सांगितलं, मंत्राची चूकसुद्धा. शिंप्यानं मान वर केली नाही. ताई मात्र खाटेवरून म्हणाली, "मला न्या. मला बघायचंय मी कुठं नव्हते ते."

"वेड लागलंय दोघींना," शिंपी म्हणाला. पण पुढच्या सुट्टीला बहिणीला पाठुंगळी घेऊन आवारात तोच आला. बायका एकेक करून वर चढल्या. गप्पा मारत चढायच्या, मुकाट्यानं उतरायच्या. शेवटी शिंपी चढला. खाली चाकाशी ताई कुबड्यांवर उभी होती. वर तो आरशात बघत राहिला. मग काच खाली करून ओरडला, "ताई! ताई, बोल काहीतरी!"

"बोलते आहे ना, इथंच आहे," ताई म्हणाली. तरी तो धडपडत खाली उतरला आणि तिचा हात धरूनच उभा राहिला.

चालकाची पाळी आली. दुसरा गडी डंपर घेऊन त्याच्या शेजारून हळूहळू गेला, नुसता गेला. तरी त्यानं सायकल तिथंच आडवी टाकली. तो भिंतीशी जाऊन बसला. पुढच्या आठवड्यात त्याच्या गाडीला दारावर एक गोल, फुगीर आरसा लागला होता.

शिडी परत आली. सायकलही खाली आली. पावसाळा गेल्यावर ताई पुन्हा सायकलवर बसली, पाय जरा ओढत, पण बसली. पहिल्या दिवशी चौकात आल्या तेव्हा पुढे मोठी गाडी उभी होती. डावीकडे फट. पॅडलमावशीनं हाक मारायला तोंड उघडलं. ताई गाडीच्या मागं, रस्त्याच्या चक्क मधोमध थांबली.

मागून एका मोटारवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला, मग डोकं बाहेर काढलं. "ओ बाई, कडेला जागा आहे की! जा ना पुढं!"

"आहे ना," ताई मागं न बघता म्हणाली. "तुम्ही जा."

सिग्नल सुटला. मोठी गाडी डावीकडे वळली आणि पूर्ण वळून दिसेनाशी झाल्यावर दोघींनी पॅडलवर पाय ठेवले.