पाटलाने दिलेली वर्दी

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. मी ती विसरावी, असं आमच्या साहेबांना मात्र फार वाटत असे.

साठचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरला परदेशी नागरिकांचं काम पाहणारा फौजदार होतो. भिवापूरकडून गुप्त खबर आली, की ब्रह्मदेशातला एक तरुण परवान्याशिवाय येऊन एका खेड्यात लपला आहे. त्याला आणलं. 'फरार होण्याची शक्यता' असं कारण दाखवून वरून स्थानबद्धतेचा आदेश निघाला आणि पोरगा तुरुंगात गेला. आता त्याची परत पाठवणी होणार होती. तिकडे त्याचे आईबाप वारलेले, दुसरं कोणी नाही.

चौकशीत मी दरडावलं, "कोणी लपवलं तुला?"

"लपलो नाही जी. बापाचं गाव हाये माह्या. काकानंच वर्दी देल्ली."

चौकशीत माणसं काहीही सांगतात, म्हणून मी स्वतः एसटीने त्या गावी गेलो. काका म्हणजे गावचे पोलीस पाटीलच निघाले! अंगणात मिरची वाळत होती आणि गृहस्थ डोक्याला हात लावून बसले होते.

"गावात परका मानूस आला तं वर्दी देनं माहं काम हाये, साहेब. म्हनून पह्यल्याच दिवशी ठान्यात सांगतलं. तुमी त्याले जेलात टाकान, हे मले काय मालूम?"

साप साप म्हणून आम्ही भुई धोपटत होतो; पाटलांची साधी वर्दी वर येता येता 'गुप्त खबर' झाली होती. पाटलांनी पुतण्यासाठी हायकोर्टात अर्ज केला होता. तो मागे घ्या, नाहीतर पाटीलकी जाईल, असा दम त्यांना साहेबांनी दिला होता.

"पाटीलकी गेली तं गेली," ते म्हणाले. "भावाचा पोरगा नाही जाऊ देनार."

सुनावणीत न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारलं, "हा पळून जाईल, असं कशावरून?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. साहेब मागच्याच बाकावर बसले होते. मी उठून सांगितलं, "खबर देणारे याचे सख्खे काका आहेत. हा लपलाच नव्हता."

स्थानबद्धतेचा आदेश रद्द झाला. नागरिकत्वाचा निर्णय दिल्लीहून येईपर्यंत पोरानं काकाकडेच राहावं, असं ठरलं. मला फार बरं वाटलं. साहेब महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

पोलिसांचं निम्मं काम लोकांच्या भरवशावर चालतं. खरं सांगणाऱ्यालाच आपण अडचणीत आणलं, तर पुढे कोण तोंड उघडणार? हे मी त्या दिवशी शिकलो. कोर्टाच्या व्हरांड्यात मी पाटलांना विचारलं, "उद्या पुन्हा गावात परका कोणी आला तर?"

त्यांनी पुतण्याचा हात घट्ट धरला होता.

"वर्दी देईन जी," ते म्हणाले. "पन आधी वकिलाले इचारीन."