जत्रेच्या नाटकात न घेतलेलं नाव

हे मी घरात कुणापाशी बोलले नाही. मालकांपाशीसुद्धा नाही. तुम्ही माझे कोण, कुठले — म्हणूनच जमेल बहुतेक.

पिंपरीला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. पण आमच्या थेरगावात बाई नाटकात उभी राहणं म्हणजे — काय सांगू! बायकांची कामं मिशा काढून बाप्येच करायचे, लोक त्यांना टाळ्या द्यायचे. खरी बाई उभी राहिली की ती नाचीच ठरायची.

नाटकातल्या बहिणीचं काम तुकारामाचं, माझ्या मावसभावाचं. तालीम आमच्याच गोठ्यात. ऐकून ऐकून मला सगळं पाठ. त्या वर्षी ऐन जत्रेत त्याला ताप भरला. मी त्याला एकट्याला गाठून म्हणाले, मी उभी राहते. हो, मीच म्हणाले — कुणी गळ घातली नव्हती. तोंडाला पांढरा रंग, पदर डोळ्यांवर. लोकांना वाटलं, तुकारामच.

नाटकातल्या पाटलानं विचारलं, "तुझ्या भावाचं नाव काय?"

दौलत. एवढंच म्हणायचं होतं; दरवर्षीचंच नाटक, ते नाव साऱ्या गावाला पाठ. पण माझ्या थोरल्या दिरांचं नाव तेच — आणि सुनेनं ते घ्यायचं नसतं. जीभ उचलेना. पदर तोंडाला लावून बोलून गेले, "त्यांचं नाव कसं घेऊ?"

मांडव खदाखदा हसला. "आरं, ही तर खरी बाई हाय! घरधन्याचं नाव दिसतंय!"

पुढे बसलेल्या दिरांना कुणी ओरडून म्हणालं, "दौलतराव, तुमचीच की वो!"

गावात दौलत एकच. त्यांची बायको सगुणा, माझी थोरली जाऊ, तेव्हा घरी चुलीशी एकटी पोळ्या लाटत होती. तिला बघितलेलं कुणी नाही. तिनं देवाची शपथ घेतली — कोण ऐकतो? तुकारामाला मी पाय धरून गप्प केलं. आणि मी? मी खाली मान घालून भांडी घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी दिरांनी तिला सांगवीला माहेरी धाडलं. निघताना माझ्या कानामागे राहिलेला रंग तिला दिसला. अंगठ्यानं पुसला. आणि गाडीत बसली.

तिची दोन वर्षांची मुलगी आमच्याकडे ठेवून घेतली. मी वाढवली. पोरी तिला चिडवायच्या, नाचीची पोर. एकदा रडत आली, म्हणाली, "काकी, माझी आई खरंच उभी राहिली होती का गं?"

तेव्हा तरी सांगायचं ना? घरात आम्ही दोघीच होतो.

मी म्हणाले, "व्हय."

पोर आईला भेटायला सांगवीला कधी गेली नाही. सगुणाबाई वारली, तेव्हाही नाही.